पुलापलीकडे जाऊन आलो होतो

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्राला नाही. देवळात उभा राहिलो तेव्हाही विषय टाळला — देवाला सगळं माहीत असतं म्हणतात, मग मी कशाला तोंड उघडू? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण सकाळपासून नुसता चहा ढोसतोय आणि खिडकीबाहेर बघतोय. सांगायचं म्हटलं की माणसाला शंभर कामं आठवतात.

व्हिसापासून सुरुवात करतो. तिथून केली की मला बरं वाटतं, कारण तिथे मी हुशार ठरतो.

मी जळगावचा. अमेरिकेत डेट्रॉइटला असतो, गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीत संगणकाचं काम करतो. पासपोर्टात व्हिसाचा जो शिक्का असतो ना, तो फक्त देशात शिरायला लागतो. एकदा शिरलात की राहायला, नोकरी करायला वेगळा कागद असतो. तो कागद चालू असेल तर शिक्का संपला तरी कुणी तुम्हाला हाकलत नाही. भारतात आलात तर मात्र मुंबईच्या वकिलातीत जाऊन नवा शिक्का मारून घ्यायचा आणि मग परत जायचं. एवढं सगळ्यांना माहीत असतं. थोड्यांना माहीत असतं ते असं — शेजारच्या कॅनडात चार दिवस फिरून आलात, तर परत येताना तोच मुदत संपलेला शिक्का चालवून घेतात. कुणी मेहेरबानी करत नाही, नियमच आहे तसा. मी तो नियम इतक्या वेळा वाचलाय की झोपेत म्हणून दाखवीन.

माझा शिक्का संपला होता. इथपर्यंत सगळं खरं आहे. घरी मी सांगितलं ते असं — व्हिसा संपलाय, आता देशाबाहेर पाऊल टाकलं की परत घेत नाहीत. अर्धं खरं सांगितलेलं फार पचतं बघा. अख्खं खोटं बोलायला हिंमत लागते, आणि ती माझ्यात कधीच नव्हती.

घरी म्हणजे आई आणि अक्का. अक्का माझी मोठी बहीण. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो आणि तिची नोकरी नुकतीच लागली होती, पारोळ्याच्या एका शाळेत. जळगावहून रोज एसटीने जायची, संध्याकाळी एसटीने यायची. तिच्या लग्नाचा विषय दरवर्षी निघायचा आणि दरवर्षी मधे काहीतरी यायचं. माझं शेवटचं वर्ष. माझी नोकरी. माझं परदेश. माझं लग्नसुद्धा तिच्या आधी झालं, आणि तेव्हा तीच सगळ्यांना सांगत होती की त्यात काय एवढं. मग आईला झटका आला, डावी बाजू गेली, आणि लग्नाचा विषय काढणंच लोकांनी सोडून दिलं.

आणि मग अक्का चाळिशीला टेकलेली असताना विलास सर आले. आले म्हणजे काय — होतेच ते त्याच शाळेत, चित्रकलेचे. धुळ्याचे. पारोळा मधोमध, ती जळगावकडून यायची, ते धुळ्याकडून. त्यांची बायको वारून बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं, घरी म्हातारी आई. अक्का फोनवर अधूनमधून त्यांच्याबद्दल बोलायची, ते मी कान न देता ऐकायचो. आमच्याकडे एक सर आहेत, डब्यात रोज शेवभाजी आणतात, तिखटजाळ, आणि नाक पुसत पुसत खातात. असलं काहीतरी. एक दिवस म्हणाली, "भाऊ, तुला एक सांगायचं होतं. पण हसू नकोस." आणि स्वतःच हसायला लागली. मी अक्काला जन्मभर ओळखतो, पण ते हसू मी आधी कधी ऐकलं नव्हतं. लाजली होती ती, वर्ग दणाणून सोडणारी बाई.

मला आनंद झाला. हे तुम्ही खरं माना किंवा मानू नका. त्या रात्री मी बायकोला सांगितलं, दोघांनी मिळून साडी कुठली घ्यायची इथपर्यंत बोलणं झालं. वाईट माणूस म्हणजे सुरुवातीपासून वाईटच विचार करतो असं थोडंच असतं?

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या भावकीत लग्न ठरतं ते बैठकीत. दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसतात, मधे ताट, ताटात सुपारी. काय बोलायचं, काय विचारायचं, ते तिथेच सगळ्यांच्या देखत. बोलणं पटलं की मुलीचा बाप सुपारी फोडतो. तुकडे वाटतात, आणि ज्याने तुकडा तोंडात टाकला तो त्या लग्नाचा साक्षीदार. बाप नसेल तर भाऊ फोडतो. भाऊ असताना काकाने फोडली तर लोक सरळ अर्थ काढतात — भावाला हे लग्न पसंत नव्हतं. आणि अक्काचं लग्न असं, की लोक अर्थ काढायला टपूनच बसलेले. या वयात, बिजवराशी, आणि तेही स्वतः जमवलेलं.

त्यामुळे नानांनी, म्हणजे आमच्या काकांनी, मला फोन केला. नाना अमळनेरला राहतात, बोलतात ते ठेवणीतल्या अहिराणीत. "भाऊ, तू ये. तुन्हाबिगर सुपारी फुटाव नही." मी म्हणालो, येतो ना नाना, येणारच. त्यांना बरं वाटलं, आणि जाता जाता ते एक वाक्य बोलून गेले. म्हणाले, बैठकीत आईचा विषय निघेल, तयारीनं ये.

आईचा विषय. फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

विलास सर अक्काला म्हणाले होते की आईंना आपण धुळ्याला घेऊन येऊ, दोन म्हाताऱ्या एकमेकींना सोबत होतील. अक्काने मला हे किती कौतुकाने सांगितलं होतं. पण नानांना ते मान्य नव्हतं. पोरगा धडधाकट असताना माय जावयाच्या दारी राहणार असेल तर भावकीत तोंड कसं दाखवायचं? म्हणजे बैठकीत सुपारीच्या आधी कुणीतरी विचारणार — मग आई कुणाकडे? आणि सगळे वळून माझ्याकडे बघणार. मी काय म्हणणार होतो? अमेरिकेला नेतो? जागचं हलता न येणाऱ्या बाईला? की नोकरी सोडून जळगावला येतो? की बायकोला पाठवतो? इथेच घोडं पेंड खात होतं. अक्का जळगावात होती म्हणून मी डेट्रॉइटला होतो. इतकी साधी गोष्ट, आणि इतकी वर्षं मला ती कधी दिसली नव्हती, कारण दिसायची गरजच पडली नव्हती.

मला त्या बैठकीला बसायचं नव्हतं. आणि आता जे म्हणतो ते नीट ऐका, परत म्हणायला लावू नका — अक्काचं लग्न होऊ नये असं मला वाटायला लागलं होतं.

त्याच आठवड्यात मी तिला फोन केला आणि व्हिसाचं सांगितलं.

तिने काय करावं? मला धीर दिला. "अरे मग काय झालं, थोडं थांबू. तू जिवाला लावून घेऊ नकोस." मला. ती मला म्हणत होती. आणि मग तिने माझा व्हिसा गल्लीभर केला. शेजारणीला समजावून सांगायची, दूधवाल्याला सांगायची, शाळेत सांगायची — भाऊचं स्टॅम्पिंग राहिलंय, तो आला तर अडकेल बिचारा. स्टॅम्पिंग हा शब्द तिने माझ्याकडूनच उचलला होता आणि ती तो अशा ठसक्यात म्हणायची की ऐकणाऱ्याला पुढे काही विचारायची सोय राहायची नाही. आईची जीभ झटक्यानंतर जड झाली होती, तरी कुणी भेटायला आलं की तीही म्हणायची, "मन्हा पोऱ्या तठे अडकी ग्या." बायाबापड्या चुकचुकायच्या. माझ्यासाठी.

मी अडकलो होतो का? मुंबईच्या तारखा उघड्या होत्या. मी रोज बघायचो. ऑफिसातला नाशिकचा एक जण त्याच काळात गेला, शिक्का मारून घेतला, आईच्या हातचे लाडू घेऊन परतसुद्धा आला. मी ते लाडू खाल्ले. धोका अजिबात नव्हता असं नाही, एखाद्याचं काम रखडतंही. पण त्या धोक्याला घाबरून मी थांबलो असतो तर आज हे लिहीत बसलो नसतो. मी धोक्याच्या आडोशाला लपलो होतो, एवढंच.

मग विलास सरांनी तोड काढली. फार साधा माणूस. म्हणाले, भाऊंना येता येत नसेल तर व्हिडिओ कॉलवर बसवू. समोर फोन ठेवू, ते तिथून सुपारीला हात लावल्यासारखं करतील, नाना फोडतील. सगळ्यांना दिसेल की भावाची संमती आहे. नानासुद्धा अर्धेमुर्धे तयार झाले होते. अक्काने मला हे सांगायला फोन केला तेव्हा आवाजात किती उत्साह होता. आणि माझी पाचावर धारण बसली. आता कुठे पळणार?

मी पळालो. कसा ते सांगतो, कारण ते करताना मी फार सुंदर बोललो होतो. म्हणालो, "अक्का, तुझी बैठक मोबाइलवर? तू माझं सगळं केलंस, आणि तुझी सुपारी मी पडद्यावर बघू? मी येईन. मानानं बसेन. लोक बघतील. जरा दम धर." माझा आवाज भरून आला होता. खोटं खोटं नाही, खराखुरा भरून आला होता. याचीच मला आजही भीती वाटते — त्या क्षणी माझा माझ्यावर विश्वास बसला होता. पलीकडे अक्का रडत होती. नंतर तिने सगळ्यांना सांगितलं की भाऊ नको म्हणतो, भाऊला माझं सगळं रीतीप्रमाणे करायचंय. नानांची छाती फुगली. विलास सर म्हणाले, बरोबर आहे त्यांचं, थांबू.

थांबले ते सगळे. आणि मी?

आमच्या डेट्रॉइटहून कॅनडा म्हणजे एक पूल. खाली नदी, वर पूल, पलीकडे दुसरा देश. बायकोची मैत्रीण टोरांटोला राहते, ती किती दिवस बोलावत होती. कॅनडाचा व्हिसा काढावा लागतो आपल्याला, त्यासाठी फोटो, बँकेचे कागद, कंपनीचं पत्र, सगळं गोळा करायला मला वेळ मिळाला. मुंबईच्या तारखेसाठी एक बटण दाबायला मिळत नव्हता.

गेलो. धबधबा बघितला, मैत्रिणीकडे खाल्लं-प्यायलं, आणि परत निघालो. पुलावर गाड्यांची रांग लागली होती. बायको डुलक्या घेत होती. खिडकीतल्या अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट उघडला, पानं उलटली, परत उलटली. म्हणाला, हा तर संपलाय. मी कागद पुढे केला, नियम सांगायला लागलो. त्याने हात वर केला, गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि आम्हाला आतल्या खोलीत पाठवलं. खुर्च्या, काचेच्या आड माणसं, कुणी आपल्याकडे बघत नाही. पासपोर्ट आत गेलेला. बायकोने माझा हात धरला. ती विचारत होती, काही होणार तर नाही ना? मी म्हणालो, नियम आहे.

आणि तिथे बसल्या बसल्या माझ्या मनात काय आलं असेल? अडवलं तर बरं. खरंच आलं. अडवलं तर मी खोटा ठरणार नाही. मग मी जळगावला फोन करून म्हणू शकेन — बघा, सांगत होतो ना. घर, नोकरी, शेजारी बसलेली बायको, सगळं गेलं तरी चालेल, पण माझं बोलणं खरं ठरू दे. इतकं नासलं होतं डोकं.

आतून एक बाई आली. कागद बघितला, पहिल्या अधिकाऱ्याला काहीतरी समजावलं, पासपोर्ट माझ्या हातात दिला आणि म्हणाली, घरी जा. बस. बाहेर आलो तर ऊन होतं आणि गाडीत केळ्याचे वेफर्स सांडले होते, ते आम्ही झाडत बसलो.

त्यानंतर मी पुन्हा पलीकडे गेलो. पानगळीचे रंग बघायला गेलो. आणि एकदा तर पलीकडच्या एका हॉटेलात नुसतं जेवायला गेलो. दर वेळी परत येताना तोच संपलेला शिक्का पुढे करायचो, दर वेळी आत घेतलं. का जात होतो मी? मला वाटतं, चोर जसा कुलूप हलवून बघतो तसं मी माझं खोटं हलवून बघत होतो. पण हे आज सुचतंय. तेव्हा मला फक्त भूक लागली होती.

धबधब्याचे फोटो बायकोने टाकले. ते टाकू नको असं तिला सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं. तिला वाटत होतं की नानांनीच बैठक लांबवलीय, कारण मी तिला तसं सांगितलं होतं. घराघरात वेगळं खोटं वाटून ठेवलं होतं मी. दुसऱ्या दिवशी अक्काचा फोन आला. तब्येतपाणी, जेवणखाण, आईची गोळी, सगळं बोलून झालं आणि मग म्हणाली, "काय रे, धबधब्याला गेले होते का तुम्ही? तो तर दोन देशांच्या मधे आहे ना?"

शाळेत शिकवणारी बाई. फोटो नीट बघितला असेल का? मागची पाटी, झेंडा, काही दिसत होतं का त्यात? कळलं असेल तर आत्ता बोलेल. मी म्हणालो, हो अक्का, पण आम्ही अलीकडच्या बाजूला उभे होतो. ती म्हणाली, "जपून रे बाबा. फोटोच्या नादात चुकून पलीकडे पाय पडायचा."

तिला खरंच काळजी वाटली होती. मी हसलो, ती हसली, आणि आम्ही फोन ठेवला.

विलास सर थांबून थांबून किती थांबतील? एक लग्नसराई गेली, दुसरी गेली. त्यांच्या आईचं खाली-वर होत होतं. भावांनी धोशा लावला, जळगावकरांच्या मनात नाही, म्हणून तारखा टोलवतात. तेव्हाही ते एकदा मला स्वतः फोन करणार होते, अक्कानेच नको म्हटलं. म्हणाली, भाऊला अजून टोचणी नको. शेवटी त्यांनी भावांपुढे मान तुकवली. शिरपूरकडची कुणी होती, तिच्याशी सुपारी फुटली.

अक्काने मला ते असं सांगितलं, जशी काही दुकानातली तूरडाळ संपली. "सरांचं ठरलं. बरं झालं, त्यांच्या आईला कुणीतरी हवंच होतं." मग विचारलं, "तुझ्या स्टॅम्पिंगचं काय झालं?"

त्या दिवाळीला मी जळगावात होतो. मुंबईच्या खिडकीवर मला विचारलं, कुठे काम करता, मी सांगितलं, झालं काम. अक्का स्टेशनवर घ्यायला आली होती. मला बघून तिचे डोळे भरले, म्हणाली, सुटलास रे बाबा एकदाचा. गल्लीत पेढे वाटले तिने. एक पेढा माझ्या तोंडात कोंबला, आणि तो मी खाल्ला.

पुढे ती त्याच शाळेत जात राहिली. विलास सर धुळ्याहून यायचे, ती जळगावहून, आणि मधल्या सुट्टीत एकाच खोलीत डबे उघडायचे. किती वर्षं? मी विचारलं नाही. आई दोन वर्षांपूर्वी गेली, अक्काच्या हातावर गेली, मी पोचलो ते तिसऱ्या दिवशी. त्या वेळी व्हिसाची काही भानगड नव्हती, माझ्याकडे आता कायमचं कार्ड आहे. अक्का घरात एकटी असते.

इथवरचं सगळं मी पचवलं होतं. खरंच. माणूस सगळं पचवतो. मी लिहायला बसलो ते या हिवाळ्यात जे केलं त्यामुळे, आणि इतका वेळ मी तेच टाळत होतो.

मी सुटीवर आलो होतो. अमळनेरला नानांकडे बैठक होती, त्यांची नात कोमल, तिची. नानांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, अवेळी गेला, त्यामुळे कोमलला बाप नाही. भाऊ आहे, तो दुबईत. त्याला रजा मिळेना. मुलगा बोदवडचा, रेल्वेत. दोघं एकमेकांना ओळखणारे, आवडणारे. त्याच्या घरच्यांना हा उन्हाळा धरायचा होता. भांडून नाही, पण त्यांनी सांगितलं होतं की आता नाही ठरलं तर आम्ही पुढचं बघू. मग कोमलनेच जुळवून आणलं. पितळी तांब्याला टेकवून फोन उभा केला, त्यात तिचा भाऊ, इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून बसलेला. पाहुणे हसले, त्यांना चाललं. नाना आता थकलेत, त्यांनाही चाललं. "जमाना बदली ग्या," म्हणाले, आणि अडकित्ता हातात घेतला.

तेव्हा बायकांच्या बाजूने अक्का बोलली. "नाना, थांबा."

सगळे थांबले. अक्का चढ्या आवाजात बोलत नव्हती. म्हणाली, "आज घाई कराल आणि पोरीला जन्मभर ऐकावं लागेल की भाऊ बैठकीला नव्हता. माझ्या वेळी हेच ठरत होतं. माझ्या भावाला सोपं होतं, फोनवर हो म्हटलं की सुटला असता. पण तो म्हणाला, बहिणीची सुपारी मोबाइलवर फोडायची नाही. माझं पुढे जमलं नाही, तो माझ्या नशिबाचा भाग. पण माझ्या भावानं माझा मान खाली पडू दिला नाही. हिचाही पडू देऊ नका."

अक्काचं सगळ्यांना ठाऊक होतं, तिच्या तोंडावर कोण बोलणार? एकेक जण माझ्याकडे वळला. ज्या नजरा चुकवायला मी इतकं सगळं केलं होतं, त्या सगळ्या एकदम माझ्यावर होत्या, आणि कौतुकाने. कोमल उठून माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "काका, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

ऐकलं असतं. मला कबुली द्यायचीसुद्धा गरज नव्हती. अक्का, आता काळ वेगळा आहे, असू दे — एवढं पुरलं असतं. चार शब्द. फोनमधला पोरगा पापणी न हलवता माझ्याकडे बघत होता. अक्काही बघत होती. आता मी तुम्हाला म्हणू शकतो की तिच्याजवळ तेवढाच एक आधार होता, तो सगळ्यांदेखत काढून घेणं माझ्याच्याने झालं नाही. तसं काही नव्हतं. मला वाटलं, मी हो म्हटलं तर ती विचारेल — मग तेव्हा का नको म्हणालास?

मी म्हणालो, "अक्काचं बरोबर आहे. हिचा भाऊ आला की बघू."

नानांनी अडकित्ता खाली ठेवला. सुपारी ताटात तशीच राहिली. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, मुलाच्या वडिलांनी टोपी नीट केली आणि कळवतो म्हणून उठले. मुलगा कोमलकडे न बघता चपला घालत होता. कोमलने तांब्याजवळचा फोन उचलला, ठेवते रे म्हणाली, आणि आत गेली. अजून बोदवडहून काही कळवलेलं नाही.

पाहुणे गेल्यावर अक्का माझ्याशेजारी येऊन बसली. सगळ्यांसमोर तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मी तो ठेवू दिला.